‘लेखकाने कधी धार काढली आहे का?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मातीतला माणूस’ यांस,

‘भाषा माणसाचीच’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर नटवून आणलेली म्हैस मालकाच्या एका हाकेवर धावत येते, मग तिला भाषा नाही कसं म्हणता? मधमाशी नाचून फुलांचा पत्ता सांगते. जपानमधला एक पक्षी दोन हाका जोडून तिसरा अर्थ पोचवतो. आणि शेवटी, ‘लेखकाने जन्मात कधी म्हशीची धार काढलेली नसणार. पुस्तकं वाचून पोपटपंची करायला काय जातंय!’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच लिहिताना तुम्हाला सगळ्यात जास्त मजा आलेली दिसते.

अहो, गंगावेशीजवळच्या आमच्या जुन्या घराच्या परड्यात म्हशी होत्या. शाळेला जायच्या आधी शेण काढायचं, वैरण टाकायची, आमोण कालवायचं, ही कामं माझी. धार काका काढायचे, ते गावाला गेले की मी. त्यातली एक इतकी द्वाड, की परका हात लागला की पान्हा चोरायची. मला तिने कितीतरी दिवस दाद दिली नाही. तेव्हा गोठा मला पुस्तकातून कळलेला नाही. टोपणनावात ‘माती’ घातली म्हणजे बाकीचे सगळे फरशीवरच वाढले, असं होत नाही राव.

त्याच गोठ्यात जे ऐकलं, त्यावरूनच तो लेख लिहिलाय. भुकेली म्हैस वेगळी रेकते, रेडकू लांब बांधलं की वेगळी, माजावर आली की वेगळी. काकांना आतल्या खोलीत बसून कळायचं काय झालंय ते. त्यात माहिती असते, हे मी कुठे नाकारलंय? लेख पुन्हा वाचा, शांतपणे. पण तिची प्रत्येक हाक अखंड असते. रेडकासाठीच्या हाकेचा एक तुकडा वैरणीच्या हाकेला जोडून ‘आधी रेडकाला घाला’ असं तिने कधी म्हटलं नाही. माणूस नेमकं तेच करतो. क, म, ळ यांना सुटा अर्थ नाही, पण त्यांतूनच कळ, मळ, कमळ होतात, आणि अशा शब्दांतून आजवर कुणीच न बोललेलं वाक्य होतं. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९६० मध्ये भाषेची १३ लक्षणं मांडली, त्यांत ही दुपदरी रचना आहे. आणि तोंडातून आवाज यायलाच हवा असंही नाही. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कर्णबधिर मुलं शाळेत एकत्र येऊ लागली आणि त्यांनी आपापसांत खुणांची नवी भाषा घडवली, व्याकरणासकट. शिक्षकांना ती येतही नव्हती.

तुमचंच वाक्य घ्या. ‘धार काढलेली नसणार.’ तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, माझं बालपण तुमच्यासमोर गेलेलं नाही, तरी त्यात काय घडलं नाही हे तुम्ही ठासून सांगितलंत, आणि ते साफ खोटं निघालं. खोटं जनावरंही बोलतात. आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर बसतो त्या कोतवाल पक्ष्याचा आफ्रिकेतला भाऊबंद धोक्याची खोटी हाक देतो आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेलं भक्ष्य पळवतो. पण त्याचं खोटं ‘आत्ता, इथे, पळा’ एवढ्यापुरतंच. परक्या माणसाच्या न पाहिलेल्या आयुष्याबद्दल नकारार्थी विधान करायला माणूसच लागतो. माझ्या लेखाला याहून चांगला पुरावा मलाही सुचला नसता.

आणि पोपट हीच शिवी द्यायची होती, तर ॲलेक्स पोपटाची थोडी माहिती घ्यायची होतीत. आयरीन पेपरबर्ग यांनी शिकवलेला तो राखाडी पोपट वस्तूचा रंग आणि आकार सांगायचा. तुमच्या बाजूने बोलायला म्हशीपेक्षा तो बरा होता.

मधमाशीबद्दल एक मान्य करतो. लेखात ‘समोर नसलेल्या गोष्टीबद्दल सांगणं’ माणसालाच जमतं, हे वाक्य जरा सैल झालंय. मधमाशी पोळ्यावर नाचते तेव्हा उभ्या रेषेशी केलेला कोन सूर्याच्या संदर्भाने दिशा सांगतो, आणि नाचाची सरळ धाव जितकी लांबते तितकं अंतर जास्त. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. पण एका प्रयोगात पोळं मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि खाऊ वर ठेवला, तेव्हा नाच बघून निघालेल्या माश्या आसपास हुडकत राहिल्या, वर कुणी गेलं नाही. त्यांच्या नाचात ‘वर’ नाही, आणि तो घालायची सोयही नाही. आपल्याला नवी गोष्ट भेटली की दुपारपर्यंत गल्लीत तिचं नाव पडलेलं असतं.

जपानी पक्ष्याचं २०१६ चं संशोधन मला माहीत आहे. हाकांचा क्रम उलटला की ते पक्षी फारशी दाद देत नाहीत, हेही माहीत आहे. पण जोडल्या जातात त्या हाका दोन, दोनच. त्यावर सवडीने लिहीन.

तुमची ही प्रतिक्रिया मी जशीच्या तशी ठेवली आहे. रात्री आलेली दुसरी, जिच्यात माझ्या आडनावावर घसरला आहात, ती काढून टाकली आहे. पुन्हा टाकलीत तर पुन्हा काढेन.