शिचिरिन खोलीत पेटवू नका

माझा भाचा तोक्योत, निशी-कासाईला राहतो. परवा रात्री त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, शनिवारी मित्र येताहेत, खोलीतच शिचिरिन पेटवली तर चालेल ना?’ शिचिरिन म्हणजे टेबलावर ठेवायची जपानी कोळशाची शेगडी. फॉरवर्ड म्हणतो: बिंचोतान कोळशाला धूर नसतो, म्हणून तो बंद घरातही सुरक्षित, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं की गॅस पाण्यात विरतो, जपानी लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात, शेवटी पाणी ओतून विझवा आणि शेगडी साबणाने धुवा. मी त्याला तेव्हाच फोन लावला.

पहिलाच मुद्दा जिवावर बेतणारा आहे. बिंचोतानला धूर कमी असतो, हे खरं, तेवढं मान्य. उबामे ओकचं लाकूड भट्टीत भाजताना धूर करणारे घटक आधीच निघून जातात, शेवटी तापमान हजार अंशांच्या आसपास नेतात आणि उरतो तो जवळपास निव्वळ कार्बन. पण कार्बन मोनॉक्साइड त्या कार्बनमधूनच तयार होतो. निखाऱ्यांत आधी बनलेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने त्याला धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. जेवून, थोडी साके पिऊन बसलेल्या माणसाला वाटतं, झोप आली. धूर असता तर डोळे चुरचुरले असते, कुणीतरी खिडकी तरी उघडली असती.

अमेरिकेत घरगुती कोळशाच्या पिशवीवर इशारा छापणं कायद्याने सक्तीचं आहे: घरात कोळसा जाळल्याने जीव जाऊ शकतो, घरात, गाडीत, तंबूत कधीही जाळू नका. धुराचा कोळसा वेगळा आणि बिनधुराचा वेगळा, असा भेद त्यात नाही. खिडकी किलकिली ठेवली तर चालेल, अशी सूटही नाही.

पाण्याचं भांडं! याचाच मला सगळ्यात संताप आला, कारण त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतो. वाटी ठेवा, बादली ठेवा, खोलीतली हवा तशीच विषारी राहते.

जपानी लोक घरात निखारे ठेवत, हे अर्धं खरं. हिबाची, म्हणजे घर उबदार ठेवायची निखाऱ्यांची शेगडी, असायची, पण ती लाकडी, कागदी सरकत्या दारांच्या घरांत, जिथे फटींतून वारा खेळायचा. भाच्याचा फ्लॅट थंडीसाठी घट्ट बंद होणारा आहे. याकितोरीच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या कोंबडीच्या, दुकानांत बिंचोतान आतच पेटतो, पण निखाऱ्यांवरची हवा ओढून बाहेर टाकणारी मोठी यंत्रणा असते.

विझवण्याचं आणि धुण्याचं थोडक्यात सांगते. चांगली शिचिरिन डायटमच्या, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांपासून बनलेल्या, मातीची असते. जपानच्या नोतो द्वीपकल्पातल्या सुझू गावात त्या मातीचे ठोकळे खाणीतून कापून शेगड्या कोरतात. ही माती सच्छिद्र, पाणी शोषणारी. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतलं तर ती तडकते, आणि वाफेबरोबर उडालेली राख अंगावर येते. निखारे चिमट्याने झाकणाच्या विझवणीच्या मडक्यात, हिकेशी-त्सुबोत, टाकायचे. शेगडी गार झाली की राख झटकून कोरड्या ब्रशने पुसायची. साबण नाही, पाणी नाही. भिजलीच तर पूर्ण वाळेपर्यंत पेटवायची नाही. कोळसाही कोरडाच हवा, ओला बिंचोतान तडतडून फुटतो. आणि राखेखालचा निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, तेव्हा त्याच रात्री कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका.

भाचा म्हणाला, मग बाल्कनीत पेटवतो. तिथेही नको, तिकडच्या कितीतरी इमारतींत बाल्कनी ही आगीत बाहेर पडायची वाट असते आणि तिथे विस्तव चालत नाही. त्याच्या घराजवळच्या कासाई रिन्काई उद्यानात बार्बेक्यूसाठी राखलेली जागा आहे. शनिवारी सगळे तिकडे जाणार आहेत.