अर्जुनाचा पक्षी नकलीच होता

"मैदानातली तिरंदाजी म्हणजे कागदाला भोकं पाडणं. खरा नेम शिकाऱ्याचा! अर्जुनाने पक्ष्याचा डोळा फोडला, कागद नव्हे." हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्याकडे गेला. दोन वर्षं रोज धनुष्य ओढणारा पोरगा मला विचारतो, "मावशी, मी करतो ते खोटं आहे का?"

तर आधी अर्जुनच घेऊ. आदिपर्व उघडून बघायचे तरी कष्ट घ्या. द्रोणांनी तो पक्षी कारागिरांकडून करवून झाडाच्या शेंड्यावर बसवला होता. नकली आणि जागचा न हलणारा. (डोळ्याचंही पुढे कोणीतरी जोडलंय, मूळ कथेत अर्जुनाला फक्त डोकं दिसतं आणि तो तेच उडवतो.) म्हणजे परीक्षा होती ती मैदानातलीच. मेसेजवाल्यांनी साक्षीदार आणला तो आमच्या बाजूचा!

कागदाचं म्हणाल तर ऑलिम्पिकला अंतर 70 मीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं. त्याच प्रमाणात 20 मीटरवरचं लक्ष्य धरलं तर ते लिंबाएवढं. पात्रता फेरीत बाण 72. लंडन ऑलिम्पिकला 2012 साली दक्षिण कोरियाच्या इम डोंग-ह्यूनने 720 पैकी 699 गुण काढले. करून दाखवा.

माझं डोकं फिरलं ते शेवटच्या ओळीने: "70 मीटरवरून कागद फोडणाऱ्याला तिथूनच हरीण पाडता आलं पाहिजे." अहो, सेकंदाला 60 मीटर वेगाने सुटलेल्या बाणाला तिथे पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी, 0.2 सेकंदात पोचतो. कागद दचकत नाही, हरीण दचकतं. त्यात 70 मीटरला 65 समजलात, तर बाण जवळजवळ अर्धा मीटर खाली. छातीवर धरलेला बाण पायात नाहीतर पोटात शिरतो आणि जनावर रक्त गाळत पळतं, तडफडत मरतं. जबाबदार शिकारी वीस-तीस मीटरच्या आत पोचल्याशिवाय दोरी सोडत नाहीत ते उगाच नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. शिकाऱ्याला अंतर कोणी सांगत नाही, पायाखाली उतार असतो, अंदाज घ्यायला आधी दोन बाण सोडता येत नाहीत. हे कसब वेगळं आणि अवघडच. पण त्याचीही स्पर्धा आहे, फील्ड आर्चरी. चढउतारावर, 60 मीटरपर्यंत; काही लक्ष्यांचं अंतर सांगतच नाहीत, ती 55 मीटरपर्यंत. तिथेही समोर कागदच असतो.