कोलायची खोड

निवृत्तीनंतर गुडघ्यांना झेपेल असा खेळ म्हणून मी गोल्फ निवडला. गुडघ्यांना तो झेपतोय. मलाच झेपत नाही.

पिशवीत नियमाने 14 काठ्या ठेवता येतात. कोचने त्यातल्या तेरा बाजूला ठेवायला लावल्या आणि सात नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याची काठी, हातात दिली. "काका, तीन महिने हीच. पाच, सहा, सात हे मधले नंबर बसले की निम्मं काम झालं." पोरगा माझ्या मुलाहून लहान, पूर्वी कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणारा होता. त्याला कुणाचं वय दिसत नाही, फक्त मनगट दिसतं.

अडचण अशी, की माझं बालपण विटी-दांडूत गेलं. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने खालून कोलायची, हवेत भिरकवायची. ती खोड अजून हातात आहे. बॉल दिसला की उफाळून येते. सात नंबरचं शास्त्र नेमकं उलटं. तिचं पातं मुळातच तीसेक अंशांनी मागे कललेलं असतं, त्यामुळे बॉल वर न्यायचं काम त्याचं. आपण खाली मारायचं. आधी बॉल, मग माती. पण मी पडलो परोपकारी. पात्याला मदत म्हणून बॉल उचलायला जातो, पातं मागच्या जमिनीवर आपटून उसळतं आणि बॉलच्या टाळक्यावर बसतं. बॉल सरपटत जातो. कोच म्हणतो, "काका, विमान पाहिजे. तुम्ही रिक्षा सोडताय."

सरावाच्या रेंजवरची हिरवी चटई भारी लबाड. आधी जमीन लागली तरी पातं तिच्यावरून घसरून बॉलपर्यंत पोचतं आणि आपल्याला वाटतं, जमलं! त्या भरवशावर एका रविवारी खऱ्या गवतावर गेलो. पहिल्याच फटक्यात ताटलीएवढं ढेकूळ बॉलच्याही पुढे जाऊन पडलं. माळी काही बोलला नाही. खड्डे बुजवायची वाळूची बाटली तेवढी माझ्या हातात देऊन गेला.

घरी बायकोला सांगितलं, अ‍ॅलन शेपर्डने 1971 मध्ये चंद्रावर सहा नंबरच मारली होती, नमुने गोळा करायच्या दांड्याला पातं बसवून. त्याच्याही पहिल्या फटक्यात बॉलपेक्षा धूळच जास्त उडाली.

"तो अंतराळवीराच्या सूटमध्ये एका हाताने मारत होता," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. मी तिला हे आधी का सांगून ठेवलं होतं, कोण जाणे.

काल कोचने नवा उपाय काढला. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेल अंथरला. त्याला धक्का न लावता बॉल मारायचा. मी मान खाली घातली, श्वास रोखला आणि फिरवली. काहीतरी झकास उंच गेलं. शेजारच्या चटईवरचे गृहस्थ सवयीने म्हणाले, "गुड शॉट!"

बॉल पायाशीच होता. कोचने समोरच्या गवतात पडलेल्या टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोललात ना, काका?"