पाच दिवसांच्या कॅम्पने कोणी जनावरांचा डॉक्टर होत नाही, खुलासा

व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की कोकणात समुद्रकिनारी पाच दिवस राहा, जंगल फिरा, झाडपाला शिका आणि सर्टिफिकेट घेऊन गुरांवर, कुत्र्या-मांजरांवर कायदेशीर उपचार करा. हे चूक आहे हो. मी स्वतः सावंतवाडीकडे अशा कॅम्पला लोकांना अडुळसा, निर्गुडी, गुळवेल दाखवायला जातो, म्हणून कळकळीने सांगतोय. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे प्रॅक्टिस फक्त नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येते आणि त्या डिग्रीला साडेपाच वर्षं लागतात.

मग झाडपाला खोटा का? अजिबात नाही! गाईला दगडी (कासेला सूज येण्याचा आजार) झाली तर २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना वाटून कासेला लावायचा लेप खुद्द राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं, आमच्या आज्या पण हळद लावायच्याच. पण ताप असेल, दुधात रक्त येत असेल तर डॉक्टरला बोलवा, लेपावर बसून राहू नका.

सगळ्यात घातक म्हणजे त्याच मेसेजमधलं सर्पदंशाचं औषध. फुरसं किंवा घोणस चावली की कुठलीही मुळी चालत नाही, सर्पविषविरोधी इंजेक्शनच लागतं, आणि मुळी शोधत रानात फिरण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. कुत्र्याला लसूण-कांदा देऊ नका, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

कॅम्पला या, झाडं ओळखायला शिका, पावसाळ्यानंतर तर जरूर या. सर्टिफिकेट फक्त हजर होतात एवढंच सांगतं.