चालता मॉनिटर बंद कसा पाडावा

लॅपटॉपला जोडलेला मोठा मॉनिटर तीन-चार वर्षं विनातक्रार चालत असेल, तर तुमचं काहीतरी चुकतंय. एवढ्या सुखाची सवय बरी नव्हे. 'अपडेट तयार आहे' अशी पाटी रोज येते आणि तुम्ही रोज 'नंतर' म्हणून तिला वाटेला लावता. असं दारात आलेल्याला परत पाठवू नये.

आधी मुहूर्त बघा. रविवारची निवांत दुपार अजिबात नको, त्या दिवशी सगळं सुरळीत पार पडण्याचा धोका असतो. सोमवारी सकाळी साडेनऊला बसावं, दहाच्या मीटिंगमध्ये स्क्रीन तुम्हालाच शेअर करायची असताना. मार्चअखेर असेल तर दुधात साखर. बॅकअप घेऊ नये, तो अपडेटवरचा अविश्वास दिसतो. काय काय बदललंय हेही वाचू नये. विम्याच्या कागदावरचा बारीक मजकूर तरी कधी वाचला होतात?

लॅपटॉप सुरू होईल. नवा वॉलपेपर दिसेल, डोंगर वगैरे. शेजारचा मॉनिटर काळा असेल आणि त्यावर 'नो सिग्नल' अशी चौकट हरवलेल्या म्हशीसारखी इकडून तिकडे फिरत असेल. अभिनंदन.

आता काय घडलं ते समजून घ्या, शिव्या द्यायच्या तर नेमक्या जागी पडाव्यात. मॉनिटर जोडला की तो लॅपटॉपला आपला बायोडेटा पाठवतो. त्याचं नाव ईडीआयडी. मूळ मजकूर अवघा 128 बाइटचा, पण त्यात घराण्याची तीन अक्षरं असतात, जन्मवर्ष असतं, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये असते आणि काय काय झेपतं तेही असतं. गोत्र तेवढं नसतं. हा बायोडेटा वाचून जुळवून देणारा मध्यस्थ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. इतकी वर्षं संसार नीट चालला होता. अपडेटने जुन्या मध्यस्थाला घरी बसवून नवा आणला, आणि त्याला हे स्थळच ठाऊक नाही. पुन्हा कांदेपोहे!

नवा मध्यस्थ तऱ्हेवाईक असतो. कधी बायोडेटा धड वाचतच नाही आणि फोर-के मॉनिटरला 1024 बाय 768 ठिपक्यांत कोंबतो. फोल्डरची चित्रं आमटीच्या वाटीएवढी होतात. कधी सेकंदाला 60 ऐवजी 30 चित्रांवर बोलणी उरकतो, मग माउसचा बाण चिखलातून चालतो. कधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं एकाचं मोजमाप 0 ते 255 आणि दुसऱ्याचं 16 ते 235, अशाने काळ्या रंगाला शंभरदा धुतलेल्या शर्टाची कळा येते.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की हा ड्रायव्हर झटकन नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर मिटते, एक बीप येतो. हे कटाक्षाने टाळावं. पाच सेकंदांत प्रश्न सुटला तर उरलेला दिवस घालवायचा कसा? मॉनिटरचा प्लग काढून मिनिटभर थांबणं, त्याच्या मेनूत इनपुट तपासणं, हेही वर्ज्य.

त्यापेक्षा केबलवर संशय घ्यावा. बिचारी जागची हललेलीही नसते, पण घरात बिघडलं की सुनेकडे बघायची आपली रीतच आहे. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जा, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड गाठा आणि स्वस्तातली यूएसबी-सी केबल आणा. दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी. पण त्यांतल्या पुष्कळजणी चार्जिंग आणि जुजबी डेटापुरत्याच असतात, चित्र वाहून नेत नाहीत. तुमच्या हाती नेमकी तसलीच यावी म्हणून दुकानदाराला काही विचारू नये.

एव्हाना घरातले ज्येष्ठ व्हीजीएची, म्हणजे मॉनिटर जोडायच्या जुन्या कनेक्टरची आठवण काढतील. 1987 सालचं ते, 15 पिनांचं. दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले की बैलाने ओढलं तरी निघत नसे. ऐकून घ्या. बायोडेटाची भानगड पुढे त्यातही शिरली होती, हे सांगून त्यांचा हिरमोड करू नका. ऑफिसातल्या आयटीच्या मुलालाही फोन करा. तो विचारेल, "सर, रीस्टार्ट केलंत?" केलं म्हणा. तो म्हणेल, "परत एकदा करून बघा ना."

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर जुन्या आवृत्तीवर परतायला सहसा 10 दिवसांची मुदत असते, सेटिंगमध्ये तसं बटणही असतं. ते शोधायला अकराव्या दिवशी बसावं. तोवर लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनपुढे मान मोडून बसायची सवय झालेलीच असते. मॉनिटरही वाया जात नाही. त्याच्या कडांना पिवळ्या चिठ्ठ्या छान चिकटतात, आणि काच चकचकीत असेल तर व्हिडिओ कॉलआधी भांग पाडायला उठून बाथरूमपर्यंत जावं लागत नाही.