चौदाव्या वर्षीचा करार आणि बाकावरची मिनिटं : कॅव्हन सलिव्हनवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

फिलाडेल्फिया युनियन या अमेरिकन क्लबचा किशोर फुटबॉलपटू कॅव्हन सलिव्हन याच्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि तिच्यातला एक मुद्दा थेट माझ्या चुकीवर बोट ठेवणारा आहे. म्हणून खाली दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: ‘चौदा वर्षांच्या पोराला मँचेस्टर सिटीला विकलं आणि तुम्ही कौतुक करताय. वर लिहिताय की अमेरिकन मुलाला अठराच्या आधी युरोपात जाताच येत नाही. मग पुलिसिक सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला कसा गेला? विक्रमापुरतं शेवटची पाच मिनिटं उतरवलं आणि मग बसवलं बाकावर. हा दुसरा फ्रेडी अडू होणार, लिहून ठेवा.’ (अडू म्हणजे चौदाव्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये उतरलेला, पण पुढे अपेक्षेइतका न बहरलेला खेळाडू. सर्वांत लहान वयात उतरण्याचा त्याचा विक्रम कॅव्हनने मोडला.)

जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला गेलेल्या अमेरिकेच्या ख्रिश्चन पुलिसिकबद्दल तुमचं बरोबर आहे, माझं वाक्य चुकलं. फिफाच्या बदली नियमावलीतलं १९ वं कलम सांगतं की देश ओलांडून बदली १८ पूर्ण झाल्यावरच. पण त्याला अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने दुसऱ्या देशात राहायला गेले, हा एक. घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असले, हा दुसरा. आपल्या कामाचा आहे तो युरोपीय संघाचा अपवाद: तिथल्या हद्दीतली बदली १६ ते १८ या वयात चालते, मात्र क्लबने प्रशिक्षणाबरोबर शाळेची आणि राहण्याची सोय करायला हवी. कलमाची भाषा ‘हद्दीतली बदली’ अशी असली तरी युरोपीय पासपोर्ट असलेल्या बाहेरच्या मुलालाही व्यवहारात तो लागू होतो. पुलिसिकचे आजोबा क्रोएशियाचे, त्यामुळे त्याला क्रोएशियाचा पासपोर्ट मिळाला. क्रोएशिया २०१३ मध्ये युरोपीय संघात आला आणि पुलिसिक सप्टेंबर २०१४ मध्ये सोळाचा झाला. वेळ अगदी जुळून आली. अमेरिकेच्याच जिओ रेनाकडे पोर्तुगीज पासपोर्ट होता. तोही सोळाव्या वर्षी, २०१९ मध्ये, डॉर्टमुंडला गेला आणि १८ जानेवारी २०२० ला बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगमध्ये, उतरला. तिसरा अमेरिकन, वेस्टन मकेनी, याच्याकडे असा पासपोर्ट नव्हता, त्याला शाल्के या जर्मन क्लबसाठी अठरावा वाढदिवस उलटेपर्यंत थांबावं लागलं.

आता कॅव्हन. जन्म २८ सप्टेंबर २००९. आई जर्मन, त्यामुळे युरोपीय संघातल्या क्लबांचं दार त्याला २८ सप्टेंबर २०२५ लाच उघडलं होतं. पण मँचेस्टर इंग्लंडमध्ये आहे, आणि ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, इंग्लिश क्लबांना हा अपवाद वापरता येत नाही. जर्मन पासपोर्ट तिथे उपयोगाचा नाही. म्हणून सिटीची तारीख २८ सप्टेंबर २०२७ च्या आधी येऊच शकत नाही. मूळ लेखात मी ‘युरोप’ लिहिलं तिथे ‘इंग्लंड’ लिहायला हवं होतं.

‘विकलं’ या शब्दाशी मात्र सहमत नाही. ९ मे २०२४ ला फिलाडेल्फिया युनियनने त्याच्याशी ‘होमग्रोन’ करार जाहीर केला, म्हणजे स्वतःच्या अकादमीत घडलेल्या मुलाशी केलेला व्यावसायिक करार. एमएलएसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये, खेळाडूंचे करार क्लबशी नसून लीगशी असतात, हे नवीन वाचकांना दरवेळी सांगावं लागतं. त्याच वेळी अठराव्या वर्षी सिटीकडे जायचं हेही ठरलं. पण चौदाव्या वर्षीच सही का? याचं उत्तर मकेनीमध्ये आहे. तो एफसी डॅलसच्या अकादमीत वाढला, डॅलसशी व्यावसायिक करार न करताच शाल्केला गेला आणि डॅलसला बदलीची रक्कम मिळाली नाही. हातात करार नसेल तर वर्षानुवर्षं घडवलेला मुलगा असाच निघून जातो, आणि क्लबला फार तर फिफाची प्रशिक्षण भरपाई मागता येते. कॅव्हनच्या हातात तर जर्मन पासपोर्ट, म्हणजे युनियनला मकेनीपेक्षाही दोन वर्षं आधी त्याला गमावण्याची धास्ती होती. करार लवकर झाला त्याचं कारण हे.

याच्याशी जोडलेला एक हिशेब तुम्हाला आवडेल. करार चालू असताना खेळाडूची दुसऱ्या देशात बदली झाली तर रकमेच्या ५ टक्के हिस्सा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. १२ ते १५ चे चार हंगाम प्रत्येकी ०.२५ टक्के, १६ ते २३ चे आठ हंगाम प्रत्येकी ०.५ टक्के. म्हणजे पुढे कधी तो सिटीकडून तिसऱ्या क्लबकडे १ कोटी डॉलरला गेला, तर १२ ते १७ या सहा हंगामांचे २ टक्के, म्हणजे २ लाख डॉलर, त्या वयात त्याला घडवणाऱ्याला. गंमत म्हणजे एमएलएस या पैशांवर दावाच करत नसे. २०१९ मध्ये लीगने धोरण बदललं.

आधी ठरवायचं आणि अठराला जायचं ही पद्धतही अमेरिकेने शोधलेली नाही. ब्राझीलच्या एंड्रिकचं रिआल माद्रिदशी डिसेंबर २०२२ मध्येच ठरलं होतं. १८ पूर्ण होईपर्यंत तो पालमेइरास या ब्राझीलच्या क्लबकडून खेळला आणि २०२४ मध्ये गेला.

विक्रमाबद्दल तुमचा राग मला समजतो. १७ जुलै २०२४, युनियनचं मैदान, म्हणजे चेस्टरचं सुबारू पार्क, समोर न्यू इंग्लंड रेव्होल्यूशन, ५-१ असा एकतर्फी सामना. ८५ व्या मिनिटाला कॅव्हन मैदानात. वय १४ वर्षं २९३ दिवस. अडूचा विक्रम १४ वर्षं ३०६ दिवसांचा, म्हणजे तो मोडायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. क्लबच्या डोक्यात हा हिशेब नव्हता असं मी म्हणणार नाही. पण मुलगा फक्त जाहिरातीपुरता होता असंही नाही. आदल्या वर्षी अमेरिकेने १५ वर्षांखालील कॉन्काकाफ (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन) स्पर्धा जिंकली तेव्हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार यालाच मिळाला, तेराव्या वर्षी.

अडूशी तुलना मात्र उलटी पडते. अडू बाकावर कुजला नाही. ३ एप्रिल २००४ ला पदार्पण केल्यावर डीसी युनायटेडसाठी पहिल्याच हंगामात तो ३० सामने खेळला आणि ५ गोल केले. संघाने त्या वर्षी एमएलएस कपही जिंकला. त्याला जे मिळालं नाही ते खालच्या पायरीवरचं फुटबॉल. २००४ च्या एमएलएसमध्ये १० संघ होते, राखीव संघांची स्पर्धा २००५ मध्ये सुरू झाली, आणि क्लबांच्या अकादम्यांचा आजचा डोलारा तेव्हा नव्हता. चौदा वर्षांच्या मुलाचा पहिला स्पर्श जड पडला, खांदा लावून कुणी सहज ढकलून दिलं, तर ते थेट टीव्हीवर, सगळ्या देशासमोर. चुका करायला दुसरी जागाच नव्हती. पुढे बेनफिका, तिथून मोनाको, बेलेनेन्सेस, आरिस, रिझेस्पोर अशा उसनवाऱ्या, आणि २०११ मध्ये कुठे? फिलाडेल्फिया युनियन. योगायोग असा की ज्या क्लबने त्याचा विक्रम मोडला तिथे तो स्वतः खेळून गेला आहे.

कॅव्हनला ती दुसरी जागा आहे. २०२२ पासून एमएलएस नेक्स्ट प्रो ही लीग चालते आणि युनियनचा दुसरा संघ तिच्यात खेळतो. पहिल्या संघाआधी तो तिथेच खेळला. आठवडाभर मोठ्यांबरोबर सराव आणि शनिवार-रविवारी दुसऱ्या संघाकडून पूर्ण सामना, हा या वयाचा नेहमीचा आराखडा. तुम्ही फक्त पहिल्या संघाचे आकडे बघता म्हणून तो रिकामा बसलेला दिसतो.

तरी २०२५ मध्ये लीगच्या सामन्यांत त्याला इतकी कमी मिनिटं का मिळाली, हा प्रश्न उरतो, आणि मला यात सगळ्यात रस आहे. कॅव्हन डावखुऱ्या पायाचा ‘दहा नंबर’: दोन फळ्यांच्या मधे चेंडू घेऊन वळणारा. जिम कर्टिन प्रशिक्षक असताना युनियनची मधली फळी हिऱ्यासारखी उभी राहायची आणि वरच्या टोकाला नेमकी हीच जागा असायची. ब्रेंडन आरनसन २०१९-२० मध्ये तिथेच घडला आणि ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्टिन गेले, ब्रॅडली कार्नेल आले. त्यांची पद्धत रेड बुल कंपनीच्या क्लबांच्या घराण्यातली: दोन स्ट्रायकर, आत सरकणारे दोन बाजूचे मिडफिल्डर, चेंडू गमावला की लगेच झडप, मिळाला की सरळ पुढे. शुद्ध दहा नंबरला इथे घरच नाही. त्याला बाजूला खेळवायचं तर वारंवार वेगाने धावून मागे यावं लागतं, आणि पंधरा वर्षांचं शरीर नेमकं तिथे कमी पडतं. त्यात युनियनने २०२५ चं सपोर्टर्स शील्ड जिंकलं. साखळीत पहिल्या आलेल्या संघात प्रशिक्षक फेरफार कशाला करेल?

शरीराचा मुद्दा तुम्ही ‘चौदा वर्षांचं पोर मोठ्यांत कशाला’ असा मांडलात, तो योग्य आहे, फक्त वय हे त्याचं चांगलं माप नाही. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलांत साधारण १३ ते १५ च्या दरम्यान येतो. त्या महिन्यांत हाडं आधी वाढतात, स्नायू आणि स्नायुबंध मागे राहतात. गुडघ्याखालच्या उंचवट्याला आणि टाचेला दुखणं सुरू होतं, आधी जमणारा चेंडूवरचा ताबा मधेच बिघडल्यासारखा वाटतो. म्हणून अकादम्यांमध्ये दर तीन महिन्यांनी उभी उंची, बसलेली उंची आणि वजन मोजतात, आईवडिलांच्या उंचीवरून प्रौढ उंचीचा अंदाज काढतात, आणि मुलगा त्या अंदाजाच्या ८५ ते ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात असेल तर उड्या आणि वेगाच्या धावांचं प्रमाण कमी करतात. हा टप्पा ओलांडलेला पंधरा वर्षांचा मुलगा तो न ओलांडलेल्या सोळा वर्षांच्यापेक्षा सुरक्षित असतो. (जन्म सप्टेंबरअखेरचा असूनही, जानेवारीपासून मोजणाऱ्या वयोगटात कॅव्हन पुढे राहिला. त्या गटांत बहुधा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा असतो.)

मग बाकाची काळजीच नाही का? आहे, पण २०२७ मुळे. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला काम करायला तिथल्या फुटबॉल संघटनेची मान्यता लागते आणि तिला १५ गुण लागतात. गुण राष्ट्रीय संघाच्या सामन्यांचे, लीगच्या दर्जाचे आणि त्या लीगमध्ये उपलब्ध मिनिटांपैकी किती खेळला याचे. तरुण खेळाडूंसाठी वेगळा तक्ता आहे, आणि गुण कमी पडले तर क्लबकडे खास खेळाडूंच्या जास्तीत जास्त चार जागा असतात, पण त्या सिटी सहज खर्च करणार नाही. तसं झालं तर सिटीच्या मालकांच्या क्लबगटातल्या जिरोना (स्पेन) किंवा त्रुआ (फ्रान्स) यांसारख्या क्लबकडे उसना पाठवण्याचा मार्ग राहतो, आणि तिथे जर्मन पासपोर्ट पुन्हा कामी येतो. त्यामुळे कॅव्हनच्या बाबतीत मी गोलांचा रकाना सोडून मिनिटांचा रकाना बघतो, २०२६ चा आणि २०२७ चा.

मूळ लेखातलं ‘युरोप’ आज बदलून ‘इंग्लंड’ केलं आहे आणि खाली पुलिसिकची ओळ जोडली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार. अडूवरची तुमची पैज मात्र मला मान्य नाही.