रोव्हर डेव्हन बेटावर नाही, मंगळावरच आहे

सध्या फिरत असलेल्या एका संदेशाचा सारांश असा: नासाचे रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारी यानं, मंगळावर गेलेच नाहीत, कॅनडातल्या डेव्हन बेटावर त्यांचं चित्रीकरण होतं, फोटोंवर लाल रंग चढवतात आणि बाहेरच्या कुणालाही हे तपासता येत नाही. शाळकरी मुलं हे खरं मानून प्रश्न विचारतात, म्हणून मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

'डेव्हन बेट.' नासाचे लोक तिथे जातात, हे खरंच आहे. तिथल्या हॉटन विवराचा उजाड, थंड परिसर मंगळाशी मिळताजुळता आहे, म्हणून १९९७ पासून तिथे अभ्यास आणि चाचण्या होतात, तेही उघडपणे. पण हे बेट ७५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही. नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर मात्र २०१२ पासून मंगळाच्या विषुववृत्ताजवळ, गेल विवरात आहे. त्याच्या फोटोंत बाराही महिने दिवस-रात्र दिसते आणि तो दिवस सुमारे २४ तास ३९ मिनिटांचा असतो. सूर्यबिंबावरून सरकणारा मंगळाचा ओबडधोबड चंद्र फोबॉस त्याने टिपलाय. पृथ्वीवरच्या कुठल्याही बेटावरून तसा फोटो मिळत नाही.

'रंग चढवतात.' मूळ फोटो सर्वांना खुले आहेत. खडक पृथ्वीवरच्या उजेडात कसे दिसले असते हे कळावं म्हणून काही फोटोंचे रंग जुळवतात. त्यात तांबूस छटा उलट कमी होते.

'तपासता येत नाही.' हा दावा सर्वांत चुकीचा. रोव्हर कुठून कुठे गेला याचा नकाशा नासा प्रसिद्ध करते. वाळूत चाकं घसरतात, त्यामुळे नुसते फेरे मोजून अंतर कळत नाही. रोव्हर थोडं चालून फोटो घेतो आणि आधीच्या फोटोशी ताडून खरं अंतर काढतो. हाच मार्ग वरूनही दिसतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाने २८ फेब्रुवारी २०२५ ला घेतलेल्या फोटोत क्युरिऑसिटी आणि त्याच्यामागे सुमारे ३२० मीटर लांब चाकांचा माग आहे. हे यानही नासाचंच, असा आक्षेप येईल. मग चीनकडे बघा. अवकाशात अमेरिकेशी स्पर्धा करणाऱ्या या देशाच्या थ्येनवेन-१ यानाने मार्च २०२२ मध्ये मंगळावरच्या जेझेरो विवरातला नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर टिपला. रोव्हरनी पाठवलेली बरीच माहिती तर युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरमार्फत पृथ्वीवर येते.

मंगळावरचा संकेत महाराष्ट्रातूनही ऐकला गेलाय. तो रोव्हरचा नव्हता, युरोपच्या शियापारेली यानाचा होता. १९ ऑक्टोबर २०१६ ला ते मंगळावर उतरत असताना नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याचा क्षीण रेडिओ संकेत थेट पकडला. उतरण्याआधीच तो तुटला, हेही तिथे टिपलं गेलं. दुसऱ्याच दिवशी नासाच्या ऑर्बिटरने घेतलेल्या फोटोत यान आदळल्याचा नवा काळा डाग दिसला.